सिरीज हायब्रिड की पॅरलल हायब्रिड? उत्तर बोटीच्या शाफ्टवर असतं

'हायब्रिड बोट' म्हटलं की डिझेल इंजिन, मोटर आणि बॅटरी एवढंच डोळ्यांसमोर येतं. कोटेशनमध्येही बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. पण हेच तीन भाग दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी जोडता येतात. एका बोटीला जी जोडणी फायद्याची ठरते, तीच शेजारच्या बोटीला तोट्यात घालते. म्हणून पैसे देण्याआधी आपल्याला नेमकं कोणतं हायब्रिड विकलं जातंय, हे ओळखता आलं पाहिजे.

ओळखायची रीत सोपी आहे. पंख्यापासून (प्रॉपेलरपासून) सुरुवात करा आणि त्याला फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, कडेने इंजिनरूमकडे या. वाटेत गिअरबॉक्स लागला, त्याच्यापुढे डिझेल इंजिन लागलं आणि मोटर याच शाफ्टवर किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला बसलेली दिसली, तर ते पॅरलल. इथे पंखा इंजिनही फिरवू शकतं, मोटरही, आणि दोघं मिळूनही. उलट शाफ्ट मोटरपाशीच संपला आणि डिझेल इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात जनरेटरला जोडलेलं असलं, तर ते सिरीज. त्यात इंजिन आणि पंखा यांच्यात लोखंडाचा काही दुवाच नसतो, फक्त केबल असते. इंजिन वीज बनवतं, ती बॅटरीत किंवा थेट मोटरकडे जाते आणि पंखा कायम मोटरच फिरवते.

याच्यासारखंच दिसणारं तिसरं नाव म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक. त्यात जनरेटर आणि मोटर असतात, पण वीज साठवायला बॅटरी नसते, त्यामुळे ते हायब्रिड नव्हे. १९०३ साली रशियात व्होल्गा नदीसाठी बांधलेलं 'वांदाल' हे जहाज असंच चालायचं. त्यात बॅटरी घातली की सिरीज हायब्रिड झालं.

दोन्ही जोडण्या काही आजच्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप ७ पाणबुड्यांमध्ये डिझेल इंजिन आणि मोटर क्लचने एकाच शाफ्टवर जोडलेले असत. वर आल्यावर इंजिन पंखाही फिरवायचं आणि तीच मोटर जनरेटरसारखी फिरवून बॅटरीही भरायचं. आजच्या भाषेत हे पॅरलल. त्याच काळातल्या अमेरिकन गाटो वर्गाच्या पाणबुड्यांत चार डिझेल इंजिनं फक्त जनरेटर फिरवत आणि पंख्यांचं काम मोटरींकडे असे, म्हणजे सिरीज. मुंबईत माझगाव डॉकने बांधलेली आणि २०१७ साली नौदलात दाखल झालेली आयएनएस कलवरीही याच दुसऱ्या घराण्यातली.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे, तो आधी बघू. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ताकद आठव्या हिश्शावर येते. समजा तुमच्या बोटीला ११० किलोवॅटचं, म्हणजे जवळपास १५० एचपीचं इंजिन आहे आणि पूर्ण ताकदीवर ती ९ नॉट (तासाला ९ सागरी मैल) धावते. तिला ८ नॉटला सुमारे ७७ किलोवॅट लागतील, पण ४ नॉटला १० किलोवॅटसुद्धा लागणार नाहीत. बॅटरीवर चालण्याची सगळी गंमत या खालच्या टोकाला आहे. वरच्या टोकाला बॅटरी बघता बघता संपते.

पॅरलल घेणारा माणूस याच हिशेबाने छोटी मोटर निवडतो. जोरात जायला इंजिन आहेच, बंदरात आणि खाडीत हळू चालायला २० किलोवॅटची मोटर पुष्कळ झाली. विचार बरोबर आहे, पण चूक नेमकी इथेच होते. मोटर किलोवॅट बघून घेतली जाते आणि तिचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर, कोणी विचारत नाही. वरच्या बोटीचा पंखा पूर्ण ताकदीला मिनिटाला १२०० फेरे घेतो असं धरा. त्याच पंख्याला २० किलोवॅट पचवायला सुमारे ६८० फेरे लागतात आणि त्या वेगाला शाफ्टवर २८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क हवा. आता विक्रेत्याने १५०० फेऱ्यांना २० किलोवॅट देणारी मोटर कोणताही रिडक्शन (फेरे कमी करून टॉर्क वाढवणारी जोडणी) न लावता शाफ्टवर चढवली, तर तिचा टॉर्क भरतो १२७ न्यूटन-मीटर. एवढ्या टॉर्कला पंखा ४५७ फेऱ्यांवर अडतो आणि पाण्यात उतरतात जेमतेम ६ किलोवॅट. मोटरच्या प्लेटवरचा २० हा आकडा खोटा नसतो, पण बोट साडेतीन नॉटच्या पुढे जात नाही. म्हणून कोटेशनवर 'पंख्याच्या अमुक फेऱ्यांना अमुक टॉर्क' हे लिहूनच घ्यावं. तो कमी पडत असेल तर बेल्टचा किंवा गिअरचा रिडक्शन लागणारच.

पॅरललचं दुसरं दुखणं इंजिन बंद केल्यावर समोर येतं. चालू इंजिन पंख्याशिवाय आणखी बऱ्याच गोष्टी चालवत असतं आणि त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की कोणाच्या लक्षात राहत नाहीत. स्टर्न सीलला, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे समुद्र अडवणाऱ्या सीलला, थंड ठेवणारं पाणी अनेक बोटींत इंजिनच्या समुद्रपाण्याच्या पंपावरूनच येतं. इंजिन बंद, पंप बंद आणि शाफ्ट मात्र मोटरवर फिरतोय, म्हणजे सील कोरडं घासतंय. पहिल्या दिवशी नुसता रबर जळाल्याचा वास येतो, काही खेपांनंतर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी दिसायला लागतं. तीच गत गिअरबॉक्सची. त्याचा तेलपंप बहुधा इंजिनच्या बाजूने फिरतो, त्यामुळे मागून शाफ्ट फिरला तरी बेअरिंगला तेल पोचत नाही. सुकाणूचा हायड्रॉलिक पंप इंजिनच्या बेल्टवर असेल तर मोटरवर चालताना चाक एकदम जड होतं, आणि तेही नेमकं जेटीला लागताना. आल्टरनेटर थांबल्यामुळे दिवे, व्हीएचएफ रेडिओ आणि बिल्ज पंप यांची २४ व्होल्टची बॅटरी उतरत जाते. या चारही गोष्टींना इलाज आहेत: सीलसाठी छोटा विजेचा पंप, गिअरबॉक्ससाठी वेगळा तेलपंप, सुकाणूसाठी विजेवरचा हायड्रॉलिक पंप आणि मोठ्या बॅटरीवरून २४ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. पण ते कोटेशनमध्ये नसतील तर नंतर तुमच्या खिशातून जातील.

तिसरी अडचण मोटरच्या आतली आहे. या कामाला बहुतेक वेळा कायमचुंबकाची मोटर वापरतात. अशी मोटर कोणीही फिरवली तरी वीज बनवतेच. वरच्या उदाहरणातली मोटर ६८० फेऱ्यांसाठी निवडली आणि इंजिनने शाफ्ट १२०० वर नेला, तर तिच्या टोकांवरचं व्होल्टेज पावणेदोन पटींहून जास्त होतं. ३०० व्होल्टचे सव्वापाचशेच्या वर जातात. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग) बंद असला तरी त्याच्या आतल्या डायोडमधून हे व्होल्टेज बॅटरीच्या वाटेवर जातं. इन्व्हर्टर तेवढं सोसणारा नसेल तर तो फुटतो, सोसणारा असेल तर बॅटरी कोणाच्याही ताब्याविना भरायला लागते आणि बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा (बीएमएस) तिला सर्किटमधून तोडून टाकते. मोटरला स्वतःचा क्लच असणं हा यावरचा सरळ उपाय. तो नसेल तर मोटर आणि इन्व्हर्टर दोन्ही शाफ्टच्या कमाल फेऱ्यांसाठी निवडलेले आहेत का, हे विचारलंच पाहिजे.

सिरीजमध्ये इंजिन आणि मोटर एकाच शाफ्टवर असल्याने येणाऱ्या या अडचणी नसतात, कारण पंखा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मोटरचा असतो. मोटरला शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क मिळतो, त्यामुळे खाली जागा असेल तर मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा बसवता येतो आणि धक्क्याला लागताना बोट हातात राहते. इंजिनलाही पंख्याच्या मर्जीने खालीवर व्हावं लागत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की ते सुरू होतं, ७०–८० टक्के लोडवर चालतं, बॅटरी ८० टक्क्यांवर गेली की थांबतं. डिझेल इंजिन तासन् तास २०–२५ टक्के लोडवर चाललं तर डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि एक्झॉस्टमधून काळं तेल ठिबकतं. सिरीज मांडणी नीट आखली तर यातून सुटका होते.

याची किंमत पूर्ण वेगात चुकवावी लागते. जनरेटर ९४.५ टक्के, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा) ९८, इन्व्हर्टर ९८ आणि मोटर ९५ टक्के कार्यक्षम धरली, तर सगळ्यांचा गुणाकार ८६ टक्क्यांवर येतो. साध्या गिअरबॉक्समधून ९७ टक्के ताकद पुढे जाते. म्हणजे सगळा प्रवास पूर्ण ताकदीने करणाऱ्या बोटीला सिरीज बसवलं, तर तेवढ्याच कामाला १२–१३ टक्के जास्त डिझेल लागतं. वर बॅटरीचं वजन आहे. बोटीवरचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा पॅक चौकटीसकट किलोमागे साधारण १०० वॅट-तास देतो, म्हणजे १०० युनिटांचा पॅक जवळजवळ एक टन भरतो.

दुसरा धोका जनरेटरच्या आकाराचा आहे. मोटर ११० किलोवॅटची आणि जनरेटर ५० चा, मधली तूट बॅटरी भरून काढेल, अशी मांडणी नेहमी सुचवली जाते. ती चुकीची नाही. पण बॅटरी संपल्यावर ही ९ नॉटची बोट सातच्याही आतच चालते, आणि तेही सगळे ५० किलोवॅट पंख्यापर्यंत पोचले असं धरून. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाशी तीन नॉटचा प्रवाह समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने उरतात चारही नाहीत. म्हणून जनरेटरचा आकार ठरवताना विचार करायचा तो रिकाम्या बॅटरीचा आणि सगळ्यात वाईट भरती-ओहोटीचा.

जुन्या बोटीतून इंजिन आणि गिअरबॉक्स काढून तिथे मोटर बसवताना हमखास विसरला जातो तो थ्रस्ट बेअरिंग. पंखा बोटीला ढकलतो तो सगळा जोर शाफ्टमधून पुढे येतो, आणि आजवर तो गिअरबॉक्समधलं बेअरिंग झेलत होतं. मोटरचं बेअरिंग त्यासाठी बनवलेलं नसतं. थ्रस्ट बेअरिंग वेगळं बसवलं नाही, तर आधी गुणगुणल्यासारखा आवाज येतो, मग मोटर तापते, आणि शेवटी रोटर सरकून आत घासतो.

बंद पडण्याच्या बाबतीत मात्र पॅरललचं पारडं जड आहे. इंजिन गेलं तर मोटर घरी आणते, मोटर गेली तर इंजिन आहेच. एका शाफ्टच्या सिरीज बोटीत इन्व्हर्टर बंद पडला, तर डिझेलची टाकी भरलेली असूनही बोट जागची हलत नाही. म्हणून प्रवासी बोटीत सिरीज घ्यायचं झालं तर दोन शाफ्ट, दोन मोटरी आणि दोन वेगळे इन्व्हर्टर हवेतच. यात काटकसर करू नये.

चालू उदाहरण बघायचं तर कोची वॉटर मेट्रो बघावी. एप्रिल २०२३ पासून प्रवासी वाहणाऱ्या, कोचीन शिपयार्डने बांधलेल्या तिच्या १०० प्रवाशांच्या बोटी बॅटरीवर ८ नॉट धावतात, आणि डिझेल जनरेटर जोडीला घेतला की १०. आकडे बघून फक्त दोन नॉट वाढले असं वाटतं, पण घनाच्या नियमाने ८ वरून १० वर जायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. बॅटरी एलटीओ (लिथियम टायटनेट) जातीची आहे. ती एलएफपीपेक्षा जड आणि महाग, पण दहा-पंधरा मिनिटांच्या चार्जिंगचा ताण तिला सोसतो. टर्मिनलवर थोडा वेळ थांबून पुन्हा निघणाऱ्या बोटीला तीच योग्य.

आपल्या किनाऱ्यावर हाच हिशेब लावू. गेटवे ते मांडवा हे साडेसात-आठ सागरी मैलांचं अंतर लाँच जवळपास एकाच वेगाने कापते. तिथे सिरीजचा तोटा रोज भरावा लागेल. पॅरललचा फायदाही फक्त दोन्ही टोकांच्या जेट्यांजवळ, म्हणजे धुराविना धक्क्याला लागण्यापुरताच. दाभोळ–धोपावे किंवा गोव्यातली रायबंदर–चोडण फेरी याच्या अगदी उलट आहे. काही मिनिटं ओढ, मग रॅम्प टाकून गाड्या चढेपर्यंत इंजिन नुसतं गुरगुरत उभं. असं काम सिरीजसाठी किंवा निव्वळ बॅटरीसाठीच आहे. ट्रॉलरला मात्र दोन्हींतलं कोणतंही सुचवणार नाही. जाळं ओढताना वेग तीन नॉटच दिसतो, पण इंजिनवर ओझं जवळजवळ पूर्ण असतं, आणि तेही तासन् तास. वेगाचा घनाचा नियम तिथे लागू पडत नाही.

'चालता चालता बॅटरी फुकट भरते' हे वाक्य पॅरलल विकताना फार ऐकू येतं, म्हणून त्याचाही हिशेब मांडतो. वरची बोट तासभर ८ नॉटने जाताना इंजिनकडून चार्जिंगसाठी १५ किलोवॅट जास्त घेतले, तर जादा डिझेल लागतं सुमारे पावणेचार लिटर. भरताना आणि परत काढताना होणारी गळती वजा जाता शाफ्टवर १२ युनिट मिळतात, म्हणजे ४ नॉटला सव्वा तास. तेवढंच अंतर इंजिनवर हळू चालून काढलं असतं तर, इतक्या कमी लोडवर तासाला चारेक लिटर धरले, तरी पाच लिटर गेले असते. बचत सव्वा लिटरची. ती आहे, पण फुकट नव्हे, आणि तेवढ्यावर बॅटरीचे पैसे वसूल होत नाहीत. खरी बचत जेटीवरच्या प्लगमधून रात्री भरलेल्या युनिटांची. जेटीवर भरवशाची थ्री-फेज लाईन नसेल, तर दोन्ही हायब्रिडांचा अर्धा अर्थ तिथेच संपतो.

कोणताही निर्णय घेण्याआधी तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे, एक वही द्या. आठवडाभर, दर पंधरा मिनिटांनी, इंजिनचे फेरे आणि जीपीएसवरचा वेग लिहायचा, आणि जाळं किंवा दुसरी बोट ओढत असेल तर त्याची खूण करायची. अर्ध्याहून जास्त वेळ फेरे निम्म्याच्या खाली असतील आणि लोड सारखा बदलत असेल, तर सिरीजची किंमत मागवा. लांब पल्ला एका वेगाने आणि दोन्ही टोकांना थोडं हळू चालणं असेल, तर पॅरललची.

पॅरलल बसवून झाल्यावर ताबा घेण्याआधी जेटीला दोर बांधून एक चाचणी घ्या. इंजिन बंद, मोटर पुढच्या दिशेने तिच्या पूर्ण टॉर्कवर, सलग वीस मिनिटं. या वेळात सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं आणि २४ व्होल्टचा मीटर खाली सरकत नाही ना ते बघायचं. वीस मिनिटांनी मोटर थांबवा, शाफ्ट पूर्ण थांबू द्या आणि मगच स्टर्न सीलच्या बाहेरच्या अंगाला आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला हात लावा. हात टेकवून ठेवता आला पाहिजे.