भूक आणि वखवख : फराळाच्या डब्यासमोर ओळखायचा फरक

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, पाहुण्यांची ये-जा थांबलेली असते आणि ओट्यावर चिवड्याचा मोठा डबा, चकल्यांचा मधला डबा व तळाशी चार-सहा बेसनाचे लाडू उरलेला तिसरा डबा असे तीन डबे अजून उभे असतात. दुपारचे जेवण पोटभर झालेले असूनही साडेतीनच्या सुमारास पावले तिकडे वळतात, एक चकली तोंडात जाते, पाठोपाठ दुसरी जाते, आणि कोणी विचारलेच तर उत्तर येते, ‘जरा भूक लागली होती.’ त्याच घरात संध्याकाळी साडेसातला कामावरून परतलेले माणूसही हातपाय धुण्याआधी त्याच डब्यात हात घालते आणि तेही हेच उत्तर देते. शब्द एकच असला, तरी पहिल्या प्रसंगी शरीराला अन्न नको असते आणि दुसऱ्या प्रसंगी ते तातडीने हवे असते. पहिली ती वखवख आणि दुसरी ती भूक. या दोहोंवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून त्यांची गल्लत झाली की डब्यासमोर केलेला कोणताही निश्चय टिकत नाही.

आपल्या भाषेने हा फरक पूर्वीच टिपून ठेवला आहे. भूक ‘लागते’, पण खा-खा ‘सुटते’ आणि तोंड ‘चाळवते’. भुकेचे ठिकाण पोट आहे, चाळवण्याचे ठिकाण तोंड आहे. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण तर भुकेची कसोटीच सांगते, कारण खऱ्या भुकेला निवड नसते. डब्यापाशी उभे असताना ‘आत्ता कोणी सकाळची भाकरी आणि थंड वरण पुढे ठेवले, तर मी खाईन का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर मनापासून ‘हो’ आले, तर ती भूक आहे. ‘नको, चकलीच हवी’ असे आले, तर ती वखवख आहे. मला ठाऊक असलेल्या सर्व कसोट्यांमध्ये ही सर्वांत सोपी आहे आणि बहुतेक वेळा ती बरोबर ठरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात हीच विभागणी अधिक नेमकी केलेली आहे. शरीराचे जे वेग, म्हणजे आतून येणाऱ्या ऊर्मी, अडवू नयेत असे 13 वेग तेथे सांगितले आहेत आणि त्यांत तहान, झोप, शिंक यांच्या पंक्तीला क्षुधा बसवलेली आहे. त्याच अध्यायात पुढे, जे वेग आवरावेत असे मनाचे वेगही दिलेले आहेत आणि त्यांत लोभाची गणना आहे. म्हणजे भूक दाबायची नाही आणि लोभ आवरायचा, असा तो दुहेरी सल्ला आहे. आपण मात्र त्यातील दुसरा अर्धाच लक्षात ठेवतो, आणि या लेखाचा मुख्य आग्रह पहिल्या अर्ध्याविषयी आहे.

आधुनिक शरीरशास्त्राने या दोन वाटा बऱ्याच उलगडल्या आहेत. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधले, आणि 1999 साली जपानमधील मासायासु कोजिमा व केंजी कांगावा यांनी मुख्यतः जठरातून निघणारे घ्रेलिन शोधले. लेप्टिन शरीरातील साठ्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचवते, तर घ्रेलिन जेवणाची वेळ जवळ येताना वाढते आणि जेवल्यावर उतरते. त्यामुळे भूक हळूहळू चढते, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते, कामातले लक्ष उडते, थोडी चिडचिड होते आणि काहीही खाल्ले तरी ती शमते. शेवटच्या जेवणाला किती तास झाले, याच्याशी तिचा सरळ हिशेब असतो.

वखवखीला असा हिशेब नसतो, कारण तिची सुरुवात डोळ्यांपासून, नाकापासून किंवा आठवणीपासून होते. डबा दिसला, शेजारच्या घरातून तळणीचा वास आला, दूरदर्शनसमोर बसण्याची वेळ झाली किंवा ज्या फोनला उत्तर द्यायचे नव्हते तो वाजला, की ती क्षणात उभी राहते. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन निराळ्या क्रिया असल्याचे दाखवून दिले. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेश वाहणारे रसायन जवळजवळ नाहीसे केले होते, ते स्वतःहून अन्नाकडे जात नसत, पण साखरेचे पाणी जिभेवर ठेवले की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. म्हणजे आवड शाबूत होती, ओढ तेवढी गेली होती. डब्यासमोर याच्या उलट घडते, आणि तेच मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वाटते. पहिल्या चकलीला जी चव लागते ती पाचव्या चकलीला राहिलेली नसते, तरीही हात जातच राहतो, कारण आवड ओसरली तरी ओढ संपलेली नसते. हात डब्यात असताना ‘मला हे अजून आवडते आहे का?’ असे थांबून विचारले, तर अनेकदा उत्तर नाही असे येते.

फराळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भर घालते. एकच चव खात राहिले की तिच्यापुरते समाधान लवकर होते, पण चव बदलली की पोटात नव्याने जागा असल्यासारखे वाटते. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. लाडवाने तोंड गोड झाले की चिवडा हवासा वाटतो आणि चिवड्याने तोंड तिखट झाले की पुन्हा करंजी आठवते. गोड, तिखट, खारट, खुसखुशीत आणि कुरकुरीत हे सारे एकाच ताटलीत मांडण्याची आपली सुंदर रीत पाहुण्याच्या एका भेटीसाठी आहे. ते सारे डबे महिनाभर हाताशी उघडे राहिले, तर तीच रीत वखवखीला थकू देत नाही.

यात माणसाच्या स्वभावाला दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही काळांत पुढे ठेवलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश, चोथा आणि मीठ सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती, तरीही पहिल्या प्रकारचे अन्न समोर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. पाकिटातील फरसाण किंवा बिस्किटांसमोर हात थांबत नसेल, तर त्यात त्या पदार्थाचाही मोठा वाटा असतो.

आता गल्लतीविषयी. वखवखीला भूक समजण्याची चूक सर्वांना माहीत आहे आणि तिच्यामुळे पोट भरलेले असताना खाणे होते. दुसरी चूक म्हणजे भुकेलाच वखवख समजून ती दाबणे. तिच्याविषयी आपल्याकडे क्वचितच कोणी बोलते, आणि माझ्या मते डबे रिकामे होण्याचे मोठे कारण तीच आहे.

शहरातील साध्या दिवसाचे गणित पाहिले तरी हे ध्यानात येते. डब्यातील पोळी-भाजी एक वाजता खाल्ली जाते आणि रात्रीचे जेवण साडेनऊला होते. मधल्या साडेआठ तासांत चहाखेरीज पोटात काही गेलेले नसताना साडेसातला लागते ती वखवख नव्हे, ती पूर्ण वयात आलेली भूक असते, आणि तिच्या हाताशी नेमकी शेव सापडते. घरातील बाईच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. सकाळी सर्वांचे डबे भरून देताना तिने फक्त चहा घेतलेला असतो, जेवायला ती सर्वांच्या शेवटी, कधी दोनला तर कधी तीनला बसते आणि बारा वाजता उभ्या-उभ्या चिवड्याची मूठ तोंडात टाकते. नंतर ‘माझ्या जिभेवर ताबाच नाही’ असे तीच स्वतःला बोल लावते. तिच्या जिभेचा येथे काही संबंध नाही. तिला न्याहारी मिळालेली नाही, एवढीच गोष्ट आहे. मी हे इतक्या घरांत पाहिले आहे, की त्याविषयी तटस्थपणे लिहिणे मला जमत नाही.

भूक दीर्घकाळ दाबल्यावर काय होते, याचा सर्वांत परिचित पुरावा 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी युद्धात शस्त्र घेण्यास सद्‌सद्विवेकाने नकार दिलेल्या 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने नेहमीच्या सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. त्याहून लक्षणीय म्हणजे पूर्वी खाण्याविषयी विशेष न बोलणारी ही माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि बंधन उठल्यावर त्यांच्यापैकी काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना. ‘भुकेने वखवखलेला’ असे आपण म्हणतो, ते हेच. दाबलेली भूक पुढे वखवख होऊन परत येते. दिवसभर काकडी-टोमॅटोवर राहून रात्री दहाला लाडवाचा डबा उघडणारे माणूस दुबळ्या मनाचे नसते, त्याने सकाळपासून जे केले त्याचा तो शरीराने दिलेला जाब असतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीतही या अनुभवाचा एक अंश असावा असे मला वाटते.

भूक आणि वखवख यांच्यामध्ये पक्की भिंत नाही, हेही सांगितले पाहिजे. घ्रेलिन आपल्या नेहमीच्या जेवणवेळांशी जुळवून घेते, त्यामुळे काही आठवडे रोज चार वाजता चहाबरोबर चिवडा खाल्ला, तर पुढे चार वाजता पोटही खरोखर हाक मारू लागते. झोपेचाही परिणाम होतो. शिकागो विद्यापीठात 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे लेप्टिन उतरले, घ्रेलिन वाढले आणि गोड, खारट व पिठूळ पदार्थांची इच्छा विशेष वाढली. जागरणानंतरच्या दिवशी भाकरी-वरणाची कसोटीही थोडी फसवी ठरते, आणि त्या दिवशी डब्यापेक्षा झोपेची काळजी घेणे जास्त शहाणपणाचे.

ओळख पटल्यावर उपाय अवघड नाहीत. भूक असेल, तर तिला अन्न द्यायचे, तेही बसून, ताटलीत घेऊन आणि भूक शमेल असे. उकडलेल्या शेंगा, मुगाची उसळ, फुटाणे आणि ताक, किंवा चतकोर भाकरी आणि दही यांतले काहीही साडेसातच्या भुकेला चिवड्यापेक्षा चांगले उत्तर आहे. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, तर पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅममध्ये 4, त्यामुळे तळलेल्या पदार्थाने पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत गरजेपेक्षा बरेच अधिक खाऊन झालेले असते. शक्य असेल तर रात्रीचे जेवणच आठच्या आत आणावे, आणि शक्य नसेल तर सहाच्या सुमाराला काही तरी ठरवून खावे.

वखवख असेल, तर तिला अन्नाऐवजी अंतर आणि वेळ द्यायचा असतो. जुन्या घरांत फराळाचे डबे फडताळात किंवा कोठीच्या खोलीत वरच्या फळीवर असत आणि काढून देणारे माणूस ठरलेले असे. त्या व्यवस्थेत शिस्तीपेक्षा अंतराचे काम अधिक होते. पारदर्शक बरणी ओट्यावर ठेवून तिच्याकडे दिवसभर न पाहण्याचा निश्चय करण्यापेक्षा न दिसणारा डबा स्टुलावर चढून काढावा लागेल अशा जागी ठेवणे कितीतरी सोपे आहे. खायचेच ठरले, तर वाटीत काढावे, झाकण लावावे, डबा परत जागेवर ठेवावा आणि मगच पहिला घास घ्यावा, कारण डब्यातून खाताना किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. वखवखीची लाट बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात कपड्यांच्या घड्या कराव्यात, खाली एक चक्कर मारावी किंवा कोणाशी तरी बोलावे.

यापेक्षाही मला आवडणारा उपाय म्हणजे लाडवाला ताटात जागा देणे. आपल्या पानात गोड पदार्थ जेवणासोबत वाढला जातो, वरण-भात, भाजी, कोशिंबीर यांच्या सोबतीने तो खाल्ला जातो. दुपारच्या जेवणात अर्धा लाडू ठरवून वाढून घेतला, तर तो पोटभर जेवणाचा भाग होतो आणि साडेतीन वाजता त्याची आठवण कमी येते. काहींना मात्र थोडे खाल्ले की अधिकच हवेसे होते. अशांच्या घरी तो पदार्थ कमी प्रमाणात करणे किंवा लगेच वाटून टाकणे बरे.

दोन ठिकाणी वरचे सारे बाजूला ठेवावे लागते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला अचानक भूक, घाम, थरथर आणि धडधड जाणवली, तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. तेथे पंधरा मिनिटे वाट पाहायची नसते, लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे असते आणि नंतर डॉक्टरांना कळवायचे असते. आणि थोड्या वेळात फार मोठ्या प्रमाणात, स्वतःला थांबवता न येता खाणे आठवड्यातून एकदा तरी होत असेल, असे तीन महिने चालू असेल आणि त्यानंतर लाज व खिन्नता वाटत असेल, तर तो मानसोपचारात 2013 पासून स्वतंत्र नावाने नोंदलेला आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि डबा उंच फळीवर ठेवणे हा त्यावरचा उपचार नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत ही कसोटी आज्या नेहमीच वापरत आल्या आहेत. जेवून अर्ध्या तासाने नातू ‘भूक लागली’ म्हणत आला, की ‘पोळी-तूप देऊ का?’ असे त्या विचारतात. हो म्हणाला, तर पोळी मिळते, कारण खेळून आलेल्या मुलाला अर्ध्या तासातही भूक लागू शकते. नको म्हणाला, तर त्याला हावरट न म्हणता एक चकली हातावर ठेवली जाते आणि डबा पुन्हा फडताळात जातो.