"ही शेवटची मॅच, मामा": गेमचं व्यसन आणि डोपामाइनचा हिशोब

'गेम खेळून मेंदूतलं डोपामाइन संपतं, 21 दिवस डोपामाइनचा उपवास करा, मेंदू नवाकोरा होईल' असा एक फॉरवर्ड परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि खाली अकरा जणांनी हात जोडले. माझं डोकंच फिरलं. डोपामाइन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं एकमेकींना निरोप द्यायचं रसायन, ते काय गाडीतलं पेट्रोल आहे का संपायला? आणि ते खरंच संपलं तर माणसाला नीट चालतासुद्धा येत नाही, पार्किन्सनच्या आजारात नेमकं तेच होतं, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. ग्रुपवर एवढं टाइप केलं तर कुणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितोय.

खरं कारण माझा भाचा. बहीण सांगली जिल्ह्यात पलूसला असते, पोरगं अकरावीला. दिवाळीत गेलो तर हा भिंतीला टेकून बसलेला, चार्जर लावलेला, ताटातली भाकरी वाळून कडक झालेली. हाक मारली की म्हणायचा "मामा, ही शेवटची मॅच", आणि अशा शेवटच्या मॅच मी त्या संध्याकाळी सात मोजल्या. बहीण म्हणाली, "दादा, तालमीत जायचं सोडलंय बघ ह्यानं, चार महिने झाले." तिच्या सासूबाईंचं निदान तयार होतं: नजर लागलीय, अमावस्येला उतारा टाका. टाकला पण. लिंबू गेलं, गेम राहिला. ज्या साताऱ्यात दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलं तो सातारा इथून दोन-अडीच तासांवर, असो.

तर डोपामाइन. शाळेत नाही पण मोबाइलवर आपण शिकलोय की हे 'आनंदाचं रसायन' आहे. ते तसं नाही. अमेरिकेत केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांचं डोपामाइन जवळपास पूर्ण घालवलं, तरी जिभेवर गोड पाणी टाकलं की ते उंदीर मिटक्या मारायचेच. फक्त समोर ठेवलेल्या खाण्याकडे स्वतः उठून जायचे नाहीत, उपाशी मेले असते. म्हणजे आवडणं वेगळं आणि हवंहवंसं वाटणं वेगळं, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी. भाच्याला विचारलं, मजा येते का रे? तो म्हणाला, "आता तशी नाही येत, पण सोडवत नाही." हे वाक्य ऐकून मी पाठ्यपुस्तक मिटलं.

आता माझा आवडता भाग, इथे थोडा वेळ द्या. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींमध्ये बारीक तारा घालून त्या कधी पेटतात ते ऐकलं. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब दिला की पेशी तडतडायच्या. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला दिवा-रस ही जोडी कळल्यावर पेशी दिव्याला तडतडायला लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प! दिवा लागून रस नाही आला तर बरोबर त्या क्षणाला पेशींचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जायचा. म्हणजे पेशी रस मोजत नव्हत्या, अंदाज किती चुकला ते मोजत होत्या. 1997 मध्ये त्यांनी पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत हे गणितात मांडलं: चूक = मिळालं वजा अपेक्षा. आणि नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा अधिक त्या चुकीतला थोडासा भाग.

आकडे टाकून बघा. बक्षीस दरवेळी 100, अपेक्षा शून्य, आणि दरवेळी चुकीतला पाचवा भाग अपेक्षेत मिळवायचा. पहिल्यांदा चूक 100, अपेक्षा झाली 20. दुसऱ्यांदा चूक 80, अपेक्षा 36. मग चूक 64, अपेक्षा जवळपास 49, असं करत करत चूक शून्याकडे जाते आणि डोपामाइन गप्प बसतं. हा साताऱ्याचा कंदी पेढा. प्रत्येक पेढा सारखा, दोन खाल्ले की पुरे. आता गेममधली पेटी घ्या, जी उघडली की कधी भारी बंदूक निघते कधी कचरा. समजा निम्म्या वेळा 100 आणि निम्म्या वेळा शून्य. अपेक्षा 50 च्या आसपास लोंबकळत राहणार आणि दरवेळी चूक अधिक 50 नाहीतर उणे 50 च्या जवळपास, कितीही वेळा उघडा, ती शून्य होतच नाही! ही आपली सांगलीची भडंग. एका मुठीत तळलेला लसूण येतो, दुसरीत नाही, आणि हात पुडीतून बाहेर येत नाही. 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच टीमला दिसलं की बक्षिसाची शक्यता बरोबर निम्मी असते तेव्हा वाट बघतानाच या पेशी हळूहळू चढत जातात, तेवढ्या पक्क्या बक्षिसाला चढत नाहीत. त्यात आणखी एक, कबुतरांवरच्या जुन्या प्रयोगांपासून माहीत आहे की दरवेळी दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाला की लवकर चोच मारायचं थांबतं, अधूनमधून मिळणारं कितीतरी वेळ मारत राहतं. म्हणून सलग सहा मॅच हरून पोरगं सातवी लावतं.

बरं, मग प्रत्येक गेम खेळणारा व्यसनी का? अजिबात नाही. जगभरातल्या सर्व्हेंचा एकत्र हिशोब केला तर आकडा खेळणाऱ्यांच्या 2-3 टक्क्यांच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे, आणि त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. तीन गोष्टी बघतात: ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर गेलाय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. हे साधारण वर्षभर असावं लागतं, फार गंभीर असेल तर कमी काळातही निदान करतात. परीक्षा संपल्यावर आठवडाभर रात्रंदिवस खेळलेलं पोर आजारी नाही. भाच्याची तालीम सुटली, मित्र सुटले, क्लासला जातो सांगून मंदिरामागे बसायला लागला, रात्री अंथरुणात फोन, सकाळी डोळे लाल, आणि त्याने स्वतः दोनदा गेम डिलीट करून दोनदा परत टाकलेला. मला सगळ्यात जास्त ह्या डिलीट करून परत टाकण्याने घाबरवलं.

आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. पेपरवाल्यांनी उचलून धरलं, मला पण आवडलं, कारण वरच्या माकडाच्या भाषेत तिथे 'दिवा' च विझवलाय, शेजारचा पण खेळत नाही तर आठवण कोण करून देणार. पण ज्याचा ताबा सुटलाय त्याला भोंग्याने बरं करता येत नाही, साडेआठ वाजतातच की.

उपचार म्हणजे फोन हिसकावून विहिरीत टाकणं नव्हे. तसं केल्यावर पोरं घर सोडतात, जिवाचं बरंवाईट करायची भाषा करतात, आणि ती भाषा कधीच नाटक म्हणून सोडायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. खास या आजारासाठीची गोळी नाही. सोबत डिप्रेशन, चिंता किंवा लक्ष न लागण्याचा आजार बरेचदा असतो, त्याला औषध असतं, आणि तो बरा व्हायला लागला की गेम पण सैल होतो. मुख्य उपचार बोलण्याचा, विचार आणि सवयी बदलायचा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात गेम आणि इंटरनेटच्या व्यसनात अडकलेल्या 143 पुरुषांवर 15 आठवड्यांचा असा उपचार करून बघितला, 2019 मध्ये निकाल आला, उपचार घेतलेल्यांत 69 टक्के त्यातून बाहेर, नुसत्या वाट बघणाऱ्यांत 24 टक्के. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत 2014 पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे, पण तेवढं लांब जायची गरज नाही, मिरज-सांगलीच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलिमानस नंबरवर फुकट मराठीत बोलता येतं. आम्ही आधी तिथेच फोन लावला, बहीण पदराने तोंड झाकून बोलत होती, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत गेमबद्दल फार विचारलंच नाही, झोप विचारली. मग वही दिली: गेम उघडायच्या आधीच्या मिनिटाला काय झालं तेवढंच लिही. दोन आठवड्यांनी मी ती वही बघितली. 'कंटाळा आला'. 'पप्पा ओरडले'. 'नोटिफिकेशन'. 'नोटिफिकेशन'. 'क्लासमधलं काय कळलं नाही'. 'नोटिफिकेशन'. म्हणजे निम्म्या वेळा त्याला खेळायचं नव्हतंच, दिवा लागला होता. मग नोटिफिकेशन बंद, रात्री फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर (बहिणीचा आणि दाजींचा पण, ही डॉक्टरांची अट), आणि खेळायचा वेळ ठरलेला, साडेपाच ते साडेसहा.

पाच महिने झालेत. मध्ये एकदा घसरला, तीन रात्री. आता तासभर खेळतो, कधी दीड तास. तालमीत अजून जात नाही, वस्तादांसमोर जायची लाज वाटते म्हणतो.