भाकरी सोडली की चिडचिड का होते?

शुगर आटोक्यात आणायची म्हणून, नाहीतर वजन उतरवायचं म्हणून भाकरी-भात बंद केलेली माणसं आता लातूर-परभणीत गल्लोगल्ली भेटतात. पहिले दोन दिवस उत्साहात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, खाली बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कामात लक्ष लागत नाही आणि पोरांनी टीव्हीचा आवाज जरा वाढवला तरी डोकं फिरतं. मग कोणीतरी जाणकार सांगतो, "मेंदूला साखर लागते, ती तुटली." ऐकायला पटतं. पण या त्रासाचं कारण बहुतेक वेळा साखर नसून मीठ असतं.

आधी साखरेचं बघू. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते ताटातूनच यायला हवं असं नाही. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, असतो. तो संपत आला की यकृत अमिनो आम्लांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज बनवतं. जोडीला चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदू तेही जाळतो. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या लठ्ठ रुग्णांवर हे मोजून दाखवलं. त्या अवस्थेत मेंदूच्या इंधनाचा मोठा वाटा कीटोनचा होता. त्यामुळे मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या माणसाची साखर नुसती भाकरी सोडल्यामुळे सहसा ७० च्या खाली जात नाही. चिडचिड होत असताना ग्लुकोमीटर लावून बघा, आकडा बहुधा ७० च्या वरच दिसेल.

मग बिघडतं काय? इथे मूत्रपिंडाकडे यावं लागतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशेबात धरलं तर जवळपास दीड किलो होतं! यातलं ९९ टक्क्यांहून जास्त मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या परत रक्तात ओढून घेतात. हा हिशेब नुसता अर्ध्या टक्क्याने हुकला तरी सात ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा भरून वर थोडं, लघवीवाटे गेलं म्हणून समजा. इतक्या काटेकोर कामावर देखरेख करणाऱ्या हार्मोन्सपैकी एक आहे इन्सुलिन.

इन्सुलिन म्हटलं की आपल्याला फक्त साखर आठवते. पण या नळ्यांच्या पेशींवरही इन्सुलिनचा निरोप घेणारी ग्राहकं (रिसेप्टर) असतात, आणि इन्सुलिनचा हुकूम असतो, 'सोडियम परत घ्या.' राल्फ डीफ्रान्झो यांनी १९७५ मध्ये निरोगी माणसांना शिरेतून इन्सुलिन दिलं आणि रक्तातली साखर मात्र स्थिर ठेवली. लघवीतलं सोडियम जवळपास निम्म्यावर आलं. आता हेच उलट करून बघा. भाकरी, भात, चहातली साखर एकदम बंद झाली की इन्सुलिनची पातळी उतरते, 'परत घ्या' हा हुकूम ढिला पडतो आणि सोडियम वाहून जायला लागतं. त्याच वेळी इन्सुलिनच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे हार्मोन वाढतं, तेही सोडियम बाहेर काढण्याच्या बाजूचं. शिवाय कीटोन हे ऋणभारित आयन. लघवीतून जाताना ते सोबत एखादा धनभारित आयन घेऊन जातात आणि सुरुवातीला तो बराचसा सोडियमच असतो. पुढे मूत्रपिंड अमोनिया जास्त बनवू लागतं, सोडियमच्या जागी अमोनियम आयन जातो आणि गळती कमी होते. त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो त्यामागे हेही एक कारण आहे. मधल्या काळात शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवून सोडियम वाचवायला बघतं, पण त्या सौद्यात पोटॅशियम जातं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत धडधडतं.

सोडियमबरोबर पाणी जातं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन किलो कमी दिसतात, त्यात चरबी फार थोडी असते. (आणि एका लग्नाच्या पंगतीत जेवून आलं की तेच दोन किलो परत येतात. घाबरायचं कारण नाही, ते मीठ-पाणी आहे.) रक्ताचं आकारमान घटलं की उभं राहताना रक्तदाब पडतो. तो सावरायला शरीर ताणाच्या वेळचं हार्मोन नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतं. धडधड, हुरहूर, उथळ झोप आणि लहानसहान गोष्टींवरून खेकसणं या सगळ्यात त्याचा मोठा हात असतो.

आपल्याकडे याला दोन गोष्टींची भर पडते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो आणि एक लिटर घामातून एक ते चार ग्रॅम मीठ जातं. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपलं मीठ पोटात जातं ते भाकरीच्या बोटाला धरून. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, येसरची आमटी हे नुसतं कोण खातं? भाकरी गेली की हेही ताटातून उठतं. म्हणजे मिठाची गळती वाढलेली आणि आवक घटलेली. असला प्रयोग ऐन उन्हाळ्यात सुरू करू नये, दिवाळीनंतर करावा.

घरी खात्री करून घेणं सोपं आहे. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर कारण मीठ-पाण्याचं असण्याची शक्यता दाट. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नाही, त्यांनी पहिला आठवडाभर दिवसातून दोनदा पेलाभर ताकात पाव चमचा मीठ घालून प्यावं. दोन्ही मिळून सुमारे तीन ग्रॅम मीठ होतं. बऱ्याच जणांची डोकेदुखी त्याने उतरते. नुसतं साधं पाणी तांब्यावर तांब्या पीत राहिलात तर उलट होईल, उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होईल. अजूनही काही घरांत माणूस असा चिडचिडा, निस्तेज झाला की नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात. मोहऱ्या टाका हवं तर, मीठ मात्र ताकात घाला.

मग कर्बोदकांचा मनाशी थेट संबंध नाहीच का? आहे, पण सांगतात तेवढा सरळ नाही. गोड-पिठूळ खाल्लं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढतं, म्हणून मन प्रसन्न होतं, हा मजकूर मोबाईलवर सारखा फिरत असतो. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं आणि मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर मोठ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. इन्सुलिन त्या इतरांना स्नायूंत ढकलतं, ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. इथपर्यंत बरोबर. पण जेवणात थोडं जरी प्रथिन असलं तरी हा फायदा पुसला जातो. भाकरी-वरण खाणाऱ्याला तो मिळतच नाही.

दुसऱ्या बाजूचा प्रचारही तपासून घ्यावा. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०६ लठ्ठ व्यक्तींपैकी काहींना अतिकमी कर्बोदकांचा आणि काहींना कमी चरबीचा आहार दिला, उष्मांक दोन्हीकडे सारखे. वजन दोन्ही गटांचं सारखंच उतरलं. पहिल्या आठ आठवड्यांत मनःस्थितीही दोघांची सुधारली. वर्षअखेर मात्र कमी चरबीवाल्यांची सुधारणा टिकली, कमी कर्बोदकवाले होते तिथेच परत आले. तेव्हा कीटो डाएटने, म्हणजे अशा अतिकमी कर्बोदकांच्या आहाराने, नैराश्य पळतं असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

तब्येतीसाठी तेवढं टोक गाठायची गरजही नसते. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि नव्याने मधुमेह झालेल्यांत तो आटोक्यात आणायला ते ४९ ते ५४ टक्क्यांवर आणणं उपयोगी ठरावं, असा त्याच गटाचा अंदाज आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ६२ टक्के म्हणजे ३१० ग्रॅम, ५० टक्के म्हणजे २५० ग्रॅम. फरक ६० ग्रॅमचा. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅम, दोन कप चहातल्या चार चमचे साखरेत २० ग्रॅम. झाला हिशेब पुरा! त्या जागी दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही घ्यावं. डाळ वाढवली तर मोजून, कारण १०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असली तरी ५५ ग्रॅम कर्बोदकंही असतात. उपवासाच्या साबुदाण्याला कमी कर्बोदकांचं खाणं समजू नये, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. आणि याहून जास्त कापायचंच असेल तर आधी साखर, मैदा, साबुदाणा, मग भात, सगळ्यात शेवटी ज्वारी. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. ते गेले की पोट साफ होत नाही आणि त्याचीही चिडचिड होतेच.

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच एकदम करू नये. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून भाकरी सोडली तर साखर खरोखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर चक्कर येऊन पडायची भीती. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं सोडियम घटलं की लिथियमची रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, उलट्या होतात. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कडक कीटोवर असताना पोटदुखी, उलट्या, धाप सुरू झाली, तर ग्लुकोमीटरवर १८० दिसतंय म्हणून घरी थांबू नका. अशा वेळी साखर फारशी न चढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. दवाखान्यात गेल्या गेल्या गोळीचं नाव सांगा आणि रक्तातले कीटोन तपासायला सांगा.