दुसरीच अ‍ॅनी

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे नोंदणी केंद्र स्थलांतरितांसाठी उघडलं आणि वहीत पहिलं नाव चढलं अ‍ॅनी मूरचं. आयर्लंडमधल्या कॉर्कची ही मुलगी पुढे टेक्ससला गेली, अशी अनेक वर्षं समजूत होती. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधिकेने कागद ताडून पाहिले, तेव्हा टेक्ससची अ‍ॅनी जन्माने इलिनॉयची निघाली! खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, तिथेच १९२४ मध्ये वारली. इतक्या प्रसिद्ध मुलीबाबत ही गत, मग सामान्य घरातल्या मर्फी किंवा केली अशा आयरिश आडनावाच्या पूर्वजाचा माग काढायचा तर काय?

बटाट्यावरचा उशिराचा करपा आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच रोगाने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला. सुमारे दहा लाख माणसं दगावली, निदान तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेच्या खानेसुमारीत त्यांचं जन्मस्थान बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ एवढंच. गाव नाही. आणि गाव नसलं की शोध अडतो, कारण तिकडच्या नोंदी गाववार आहेत. त्यातही ३० जून १९२२ रोजी डब्लिनचं अभिलेखागार यादवीत जळालं. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीची जवळजवळ राखच झाली. मला तरी ही हानी आजही चटका लावते. १८४७ ते १८६४ मध्ये छापलेली ग्रिफिथची कर-आकारणी, म्हणजे घर-जमिनीवरच्या करासाठीची यादी, मात्र वाचली. तीत कोणत्या वाडीत कोण राहत होतं ते सापडतं.

इथे डीएनए तपासणी मदतीला येते. पण तिच्या अहवालातल्या ‘इतके टक्के आयरिश’ या आकड्यावर मी विसंबणार नाही. आयरिश आणि स्कॉटिश वारसा इतका मिसळलेला आहे की तो अंदाजच असतो. शिवाय एखाद्या पूर्वजाकडून आलेला डीएनए दर पिढीत निम्मा होतो आणि तुकड्यांची वाटणी नशिबावर असते. खापरपणजोबांचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. तेच खापरपणजोबा असलेल्या दोन दूरच्या भावंडांपैकी दहातल्या साधारण एका जोडीत मोजता येईल असा एकही सामाईक तुकडा उरत नाही. म्हणून तपासणी आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करावी, आणि लांब तुकडे जुळणारे नातलग शोधावेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी आजीने त्या वाडीचं नाव जपून ठेवलेलं असतं.