त्रैक्याचा वाद बोस्टनहून सोलापूरला कसा आला

‘बायबलमध्ये त्रैक्य हा शब्द दाखवा’ हे आव्हान सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांना नवं नाही. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, ही चर्चची शिकवण. कधी ते मुस्लिम शेजाऱ्याकडून येतं, कारण कुराणात (४:१७१) ‘तीन म्हणू नका’ असं स्पष्ट बजावलं आहे. कधी दारावर पुस्तिका घेऊन येणारा, त्रैक्य न मानणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचा माणूस तेच विचारतो. अक्कलकोटची वारी करणाऱ्या मित्राला मात्र यात अडचणच दिसत नाही, ‘म्हणजे आमचे दत्तच की’ म्हणून तो मोकळा होतो. चर्चला ही जवळीक मान्य नाही, पण ती गोष्ट वेगळी.

शब्द दाखवता येत नाही, कारण तो तिथे नाही. उत्तर एवढंच असतं तर वाद सतराशे वर्षं टिकला नसता.

आधी मजकूर पाहू. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:४) ‘परमेश्वर आमचा देव, अनन्य परमेश्वर आहे’ असं म्हटलं आहे आणि मार्कच्या शुभवर्तमानात येशू तेच वचन पहिली आज्ञा म्हणून सांगतो. योहानाच्या पहिल्याच ओळीत ‘शब्द देव होता’ असं येतं. त्याच पुस्तकात थोमा येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो, आणि त्याच पुस्तकात येशू स्वतः सांगतो की पिता माझ्यापेक्षा थोर आहे. मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आहे, तर प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा येशू ख्रिस्ताच्या नावाने दिला जातो. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा दारूगोळा एकाच ग्रंथात आहे.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द वापरला. खरा भडका उडाला तो आलेक्सांद्रियात, ३१८ च्या सुमारास. एरियस नावाच्या तिथल्या धर्मगुरूचं म्हणणं असं की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे पुत्र नव्हता असंही कधीतरी होतं. एरियस धर्मग्रंथ सोडून बोलत नव्हता, हे विसरलं जातं. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला आपल्या कार्याच्या आरंभी घडवलं. एरियसवाद्यांचं हे हुकमी वचन होतं.

३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला परिषद बोलावली. तिथली हकीकत एरियसचा कट्टर विरोधक अथनेशियस याने पुढे लिहून ठेवली आहे. बिशपांना शक्यतो बायबलमधल्याच शब्दांत निवाडा लिहायचा होता. पण त्यांनी जे जे वचन पुढे केलं, ते एरियसच्या बाजूचे लोक आपल्या अर्थाने मान्य करू लागले. पुत्र ‘देवापासून’ आहे? सगळंच देवापासून आहे. तो देवाचं प्रतिरूप आहे? माणूसही आहे. शेवटी ‘होमोऊसिऑस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा बायबलमध्ये नसलेला शब्द मतांगिकारात (चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात) घालावा लागला. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. शास्त्रातली वचनं कोणत्या अर्थाने वाचायची, एवढंच ठरवण्यासाठी शास्त्राबाहेरचा शब्द आणावा लागला.

कॉन्स्टंटाइनने त्रैक्य शोधून काढलं, हे व्हॉट्सॲपवर फिरणारं विधान मात्र टिकत नाही. तर्तुल्यन त्याच्या शंभर वर्षं आधीचा. शिवाय याच सम्राटाने पुढे अथनेशियसलाच हद्दपार केलं आणि मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला तो एरियसची पाठराखण करणाऱ्या बिशपाच्या हातून. नायसियात पवित्र आत्म्याबद्दल तर एक ओळच होती. ती बाजू ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत भरली गेली.

आता एक वचन सोडून द्यायला हवं. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असं थेट वाक्य आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घेतलं. न्यूटनने यावर सविस्तर निबंध लिहिला, पण हयातीत छापला नाही. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे फक्त आत्मा, पाणी व रक्त आहे. ज्या वचनाच्या जोरावर कुणी सोलापुरात वाद जिंकू पाहतो, ते त्याच्याच हातातल्या पुस्तकात नसतं.

आणि आता बोस्टन. १८०५ मध्ये बोस्टनजवळच्या हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या अध्यासनावर हेन्री वेअर या त्रैक्य न मानणाऱ्या उदारमतवाद्याची नेमणूक झाली आणि न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार पाहणारी) चर्चं दुभंगू लागली. सनातनी गटाने १८०७ मध्ये अँडोव्हर सेमिनरी हे धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथल्या प्राध्यापकांना त्रैक्य मानणाऱ्या मतपत्रावर सही करावी लागे. याच गटातून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. अँडोव्हरमध्ये शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अमेरिकन मराठी मिशन मुंबईहून अहमदनगरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरला पोचलं. म्हणजे आपल्याकडे जो ख्रिस्ती धर्म आला तो या भांडणातली एक बाजू घेऊनच आला. दुसरी बाजू आपल्याला कुणी सांगितली नाही, म्हणून ती आज अचानक दारात उभी राहिली की लोक गांगरतात.

दुसरी बाजू मराठी मुलखात आली, पण वेगळ्या वाटेने. बंगालमध्ये राममोहन रॉय यांच्याशी चर्चा करता करता विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरीच १८२१ मध्ये युनिटेरियन, म्हणजे देव एकच मानून त्रैक्य नाकारणारा, झाला. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्याच मदतीने. येशूबद्दल आदर, त्रैक्याला नकार, अशी ही वाट होती.

पंडिता रमाबाई मात्र चर्चच्या आत राहून भांडल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत अँग्लिकन संन्यासिनी सिस्टर जेरल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तापला. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगिकार बायबलात कुठे आहे, मी तो का मानावा, हा त्यांचा प्रश्न होता. परिषदांचं नव्हे, शास्त्राचं सांगा, असा त्यांचा हट्ट. पुढे त्या सुवार्तावादी (बायबल आणि वैयक्तिक परिवर्तनावर भर देणाऱ्या) श्रद्धेकडे वळल्या, पण हट्ट गेला नाही. सोलापूर-पुणे लोहमार्गावरच्या केडगावात बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मुळातून मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

काँग्रिगेशनल परंपरेत मतांगिकाराची सक्ती फारशी नव्हती, भर होता शास्त्रावर. १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि अमेरिकन मराठी मिशनच्या बहुतेक मंडळ्या त्यात आल्या. या चर्चने प्रेषितांचा आणि नायसियाचा, दोन्ही मतांगिकार स्वीकारले आहेत.