यादी दाखवायला येण्यापूर्वी: नवा डेक घरी कसा तपासाल

आमच्या दुकानात पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमच्या डेकची (खेळायला घेतलेल्या 60 कार्डांची) नवी यादी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण आम्हाला पहिलं वाक्य हेच ऐकवतो: "दुसऱ्या टर्नला चारिझार्ड उभा राहिला की समोरच्याचं काही चालत नाही." अगदी खरं. पण तो उभा राहतो किती वेळा, असं विचारलं की उत्तर जरा रेंगाळतं. आमची तपासणी तिथूनच सुरू होते. त्यातली निम्मीअधिक तुम्हाला घरबसल्या करता येईल, म्हणून हे पत्रक.

उदाहरणाला पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेममधला एक गाजलेला डेक घेतला आहे: 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चारिझार्ड ईएक्स आणि जोडीला पिजिऑट ईएक्स. तुमचा डेक वेगळा असेल, पण हिशोब हाच.

सुरुवातीचा हात

60 कार्डं पिसून 7 उचलायची. त्यात एकही बेसिक (थेट मांडता येणारा) पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला एक जादा कार्ड ओढायची मुभा. यादीत 12 बेसिक असतील तर अशी वेळ सुमारे 19 टक्के वेळा येते. 8 असतील तर 35 टक्के. हल्लीच एक यादी आमच्यापुढे आली, तिच्यात बेसिक होते 6, म्हणजे 46 टक्के. जवळजवळ दर दुसऱ्या डावात समोरच्याला फुकटचं कार्ड! यादी बनवणाऱ्याला हे जाणवलंच नव्हतं, कारण घरच्या सरावात मलिगन, म्हणजे असं पुन्हा पिसणं, कोणी लिहून ठेवत नाही.

दुसरा टर्न

चारिझार्ड हा स्टेज टू, म्हणजे बेसिकपासून दोन पायऱ्या वर. पहिल्या टर्नला त्याचा बेसिक, चारमँडर, मांडायचा, दुसऱ्याला रेअर कँडीने मधली पायरी ओलांडून थेट चारिझार्ड. समजा, यादीत रेअर कँडी 4 आणि चारिझार्ड 3 आहेत. सुरुवातीची 7 आणि दोन टर्नची 2 अशी 9 कार्डं तुम्ही पाहिलीत. त्यांत या दोन्हींपैकी किमान एकेक असण्याची शक्यता जेमतेम 18 टक्के. वर चारमँडरही वेळेत हवाच.

मग हा डेक चालला कसा? शोधून आणणाऱ्या कार्डांवर. अल्ट्रा बॉल दोन कार्डं टाकून हवा तो पोकेमॉन देतो. नेस्ट बॉल बेसिक पोकेमॉन थेट बेंचवर (राखीव जागेत) आणतो. आर्वेन एक आयटम आणि एक टूल आणतो, म्हणजे रेअर कँडी हाती येते. पिजिऑट तर दर टर्नला डेकमधलं कुठलंही एक कार्ड देतो, पण तोही स्टेज टू, लवकर उभा करायचा तर त्यालाही कँडी लागतेच. आर्वेन पडला सपोर्टर प्रकारचं कार्ड: टर्नला एकच खेळता येतो, आणि पहिला टर्न तुमचा असेल तर त्या टर्नला एकही नाही. त्यामुळे आधी खेळताना आणि नंतर खेळताना हा डेक दोन वेगळ्या चालींनी चालतो. दोन्ही चाली वेगवेगळ्या तपासा.

आमचं मत विचाराल तर यादीचा कस चारिझार्डवर लागतच नाही, तो लागतो या शोधणाऱ्या कार्डांवर. "आणखी एक हल्लेखोर बसवू" म्हणून नेस्ट बॉल कमी केलेल्या याद्या आम्ही बऱ्याच पाहिल्या, आणि बहुतेक वेळा तो नेस्ट बॉल परत आला.

प्राइजमध्ये अडकलेली कार्डं

6 कार्डं प्राइज म्हणून पालथी बाजूला जातात; समोरचा पोकेमॉन पाडला की आपली प्राइज उचलायची, सगळी संपली की डाव जिंकला. यादीत एकुलतं एक असलेलं कार्ड त्यांत अडकण्याची शक्यता 10 टक्के. दोन प्रती ठेवल्यात तर दोन्ही अडकण्याची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी. ज्याच्यावाचून डाव अडतो असं कार्ड एकच ठेवलं असेल तर दहातला एक डाव आधीच पणाला लागला, एवढं धरून चाला. आणि पहिल्यांदा डेक चाळायची संधी मिळाली की काय गायब आहे ते तेव्हाच बघून घ्या.

डाव मागे पडल्यावर

चारिझार्डचा हल्ला 180 चा, शिवाय समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइजमागे 30 जास्त. 220 एचपीचा (एवढा मार सोसणारा) मिरायडॉन ईएक्स सुरुवातीला त्याच्या हातून पडत नाही. समोरच्याने दोन प्राइज घेतली की आकडा 240 होतो, मग पडतो. थोडक्यात, थोडं मागे पडून जिंकणारा हा डेक. नवा खेळाडू पहिल्या नॉकआउटलाच हबकतो आणि घाईत चुकीचं कार्ड वाया घालवतो, ते यामुळेच.

पण मागे कसं पडायचं यालाही हिशोब आहे. ईएक्स पडला की 2 प्राइज जातात, म्हणजे तीन ईएक्स पडले की खेळ खलास. मध्ये एक प्राइज देणारा साधा पोकेमॉन पुढे केलात तर 1, 2, 2 मिळून 5 होतात आणि समोरच्याला चौथा नॉकआउट करावा लागतो. तेवढ्यात तुम्हाला एक टर्न जास्त मिळतो. तुमच्या यादीत असा पुढे करण्याजोगा पोकेमॉन कोणता, हे आम्ही हमखास विचारतो.

सराव किती

10 पैकी 7 जिंकले म्हणजे डेक भारी, असं नाही. निव्वळ बरोबरीचा, 50 टक्क्यांचा डेकसुद्धा दहांत 7 किंवा जास्त डाव सुमारे 17 टक्के वेळा जिंकतो. म्हणून निकालापेक्षा हात मोजा: पिसा, 7 उचला, दोन टर्न एकट्याने खेळा, काय उभं राहिलं ते लिहा, पुन्हा पिसा. असे 30 हात तासाभरात होतात. कंटाळवाणं आहे, कबूल.

हे सगळं कार्डांची नावं लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या जुन्या कार्डांसोबत स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवून करा. स्पर्धेत अशा चिठ्ठ्या चालत नाहीत, घरी खुशाल चालतात. महागडी कार्डं त्यानंतर घ्या. आमची विक्री चार दिवस लांबेल, पण न चाललेला डेक परत घेऊन आलेल्या ग्राहकाशी बोलणं आम्हालाही जड जातं. शिवाय स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालतात त्या स्पर्धाप्रकारात, खेळणार असाल तर कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं छापील अक्षर सध्या चालतं का, हे विकत घेण्याआधी बघाच. या उदाहरणातल्या चारिझार्डवर 'जी' आहे.

येताना काय आणाल

60 कार्डांची पूर्ण यादी, आणि त्या 30 हातांची वही. वहीत फसलेल्या हातांत नेमकं कोणतं कार्ड हवं होतं तेही लिहा. यादी आम्ही दोन मिनिटांत वाचतो, वहीला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढून या.