तारा धाग्यावर येतो तेव्हा

नागपुरात 15 एप्रिलला अंगणात काठी सरळ उभी करून बघा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा घड्याळात 12 वाजून साधारण 14 मिनिटे झालेली असतील. घड्याळ बरोबरच आहे. ते 82.5 अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते. नागपूर 79 अंशांच्या जरासे पुढे आहे आणि एक अंश फिरायला पृथ्वीला 4 मिनिटे लागतात. प्रमाणवेळ येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ आपापली होती, आणि ती नेमकी काढणे हे वेधशाळांचे रोजचे काम होते.

त्यांचा भरवसा ताऱ्यांवर होता. सूर्याचे बिंब अर्धा अंश रुंद, तारा मात्र टिंबाएवढा. दुर्बीण दोन दगडी खांबांवर पूर्व-पश्चिम आसाने टेकवलेली असे, म्हणजे ती फक्त उत्तर-दक्षिण रेषेतच फिरायची. खांबांचा पाया खोलीच्या फरशीपासून वेगळा ठेवत, नाहीतर माणूस चालला तरी दुर्बीण हलायची. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नळीत, कोळ्याच्या जाळ्याचे पाच-सात उभे धागे ताणलेले. तारा धाग्याकडे सरकू लागला की निरीक्षक डोळा दुर्बिणीला आणि कान लंबकाच्या ठोक्याला लावी. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे, पुढच्या ठोक्याला पलीकडे. मधल्या अंतरावरून तो सेकंदाचा दहावा भाग अंदाजे. सगळ्या धाग्यांची सरासरी काढायची, म्हणजे ताऱ्याने उत्तर-दक्षिण रेषा ओलांडली तो क्षण मिळे. ताऱ्याचा विषुवांश, म्हणजे आकाशातले त्याचे पूर्व-पश्चिम स्थान तासा-मिनिटांत, हीच त्या क्षणाची नाक्षत्र (ताऱ्यांवरून मोजलेली) वेळ. घड्याळ त्याहून जितके वेगळे, तितकी त्याची चूक. नाक्षत्र दिवस 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांचा, म्हणून पुढे नेहमीच्या वेळेत रूपांतर करावे लागे.

खरी कसोटी दुर्बीण बसवण्यात होती. एक मीटर लांब आसाचे एक टोक 0.07 मिलिमीटर, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, वर राहिले तर डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याची वेळ सेकंदभर चुकते. म्हणून आसावर पाणसळ ठेवायची, मग तिची टोके अदलाबदल करून पुन्हा वाचायची. तेवढाच दोष दिशेत असेल, म्हणजे आस नेमका पूर्व-पश्चिम नसेल, तर गंमत वेगळीच होते. नागपूरच्या अक्षांशावर स्वाती खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम दोन अंश दक्षिणेला असते. तिच्या वेळेत फक्त 0.04 सेकंदाचा फरक पडतो. क्षितिजाजवळून जाणाऱ्या अगस्त्यात तोच फरक 1.6 सेकंद होतो. दोन्ही ताऱ्यांच्या उत्तरांतल्या तफावतीवरून दिशेची चूक हिशेबाने निघते. वेळ ठरवायला स्वातीसारखा तारा उत्तम, दोष पकडायला अगस्त्यासारखा.

दोन वेधांच्या मध्ये सगळी मदार घड्याळावर. पोलादी दांड्याचा लंबक एक अंश सेल्सिअसने तापला की दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतो. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक दिवसांत, खोली हिवाळ्यापेक्षा 30 अंशांनी तापली, तर रोजचे 15 सेकंद गेले. यावर उपाय म्हणून लंबकाला पाऱ्याची नळी बसवत: दांडा खाली लांबतो, पारा वर चढतो आणि गुरुत्वमध्य जागच्या जागी राहतो.

माणसाचा दोष मात्र पाऱ्याने जात नाही. दोन अनुभवी निरीक्षकांच्या नोंदींतही सेकंदाच्या काही दशांशांचा कायम फरक येई. पुढे ठोका ऐकण्याऐवजी विजेचे बटण दाबून कागदी पट्टीवर खूण करू लागले. फरक घटला, संपला नाही.

ही वेळ तारायंत्राने गावोगाव जाई. 1867 साली नागपूरला रेल्वे आली. पुढे देशभरच्या रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ धरली, आणि नागपूरची स्थानिक वेळ तिच्या सुमारे 5 मिनिटे मागे होती. 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ आली आणि हा फरक 13 मिनिटे 40 सेकंदांच्या आसपास गेला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सावलीची मध्यान्ह वर्षभर पुढेमागे होते. तीच काठी 11 फेब्रुवारीला लावली तर आखूड सावली 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास दिसेल, 3 नोव्हेंबरला 11 वाजून 57 मिनिटांना.